यादी बाजूला ठेवा, अर्ज वाचा : अमेरिकेतल्या सुधारणा-चळवळींच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेतलेली, किंवा यूपीएससीला इतिहास वैकल्पिक ठेवलेली मुलंमुली अधूनमधून मला मेसेज करतात. विचारणा साधारण एकच असते : 1820 ते 1860 या काळात अमेरिकेत एवढ्या चळवळी झाल्या, त्या डोक्यात बसवायच्या कशा? नोट्समध्ये त्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात. दारूबंदी, गुलामगिरीविरोध, स्त्रियांचे हक्क, कामगारांची दहा तासांची मागणी, सार्वजनिक शाळा, तुरुंगसुधारणा, वेड्यांची इस्पितळं, आणि तळाला ब्रूक फार्मसारख्या आदर्श वसाहती. प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक साल.

परीक्षेपुरतं हे भागतं. पण पुढे प्रबंध लिहायचा असेल, बाहेरच्या विद्यापीठात जायचं असेल, तर हीच यादी पायात येते. कारण त्या काळची माणसं अशा खणांत राहत नव्हती. गिरणीतली बाई संध्याकाळी गुलामगिरीविरोधी सभेला जायची. शाळा काढा म्हणणारा गृहस्थ संपाच्या नावाने कानांवर हात ठेवायचा.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगते. एक गाव धरा आणि एक प्रकारचा कागद धरा. गाव लोवेल, मॅसॅच्युसेट्स. कागद म्हणजे अर्ज. विधिमंडळाकडे, काँग्रेसकडे सह्या करून पाठवलेले विनंतीअर्ज. या दोन खुंट्यांना धरून त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक चळवळीपर्यंत पोचता येतं.

मी मूळची इचलकरंजीची. घरामागच्या शेडमध्ये माग, घरात कांड्या भरणाऱ्या बायका, आणि खडखडाटात मोठ्याने बोलायची लागलेली सवय. कोल्हापुरात बी.ए., पुण्यात एम.ए., मग मॅसॅच्युसेट्समध्ये पुन्हा एकदा मास्टर्स, आणि आता तिथल्याच एका लहान अभिलेखागारात जुन्या कागदांच्या नोंदी करायचं काम. हा प्रवास सगळ्यांनी करावा असं अजिबात नाही. पण या विषयात मराठी माणसाच्या हाताशी काय असतं आणि काय कमी पडतं, हे थोडंफार कळलं आहे, तेवढं लिहिते.

लोवेल कशासाठी

बॉस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लोवेल 1810 ते 1812 या काळात इंग्लंडमध्ये होता. तिथल्या गिरण्या त्याने बारकाईने पाहिल्या आणि यंत्रमागाची रचना डोक्यात साठवून परत आला. पॉल मूडी या कारागिराला हाताशी धरून वॉल्थमला गिरणी उभी केली, तिथे 1814 च्या सुमाराला कापूस एका दारातून आत जाऊन दुसऱ्या दारातून कापड बाहेर पडू लागलं. तो 1817 ला वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीवर, जिथे पाणी सुमारे 30 फूट खाली कोसळतं, तिथे 1820 च्या दशकात नवं शहर वसवलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. कालवे खणले आयरिश मजुरांनी. माग चालवायला आणल्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतल्या मुली, बहुतेक पंधरा ते तिशीतल्या.

या मुलींना कंपनीच्या बोर्डिंग हाऊसमध्ये राहावं लागे. रात्री दहाला दार बंद. चर्चला जाणं सक्तीचं. उठण्यापासून झोपण्यापर्यंत सगळं घंटेवर. वर्षाच्या आत काम सोडलं किंवा दोन आठवड्यांची नोटीस दिली नाही, तर चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळायचा नाही, आणि दाखल्याशिवाय गावातली दुसरी कंपनी दारात उभं करायची नाही. मालकांचं म्हणणं असं की इंग्लंडच्या मँचेस्टरसारखी घाण आणि बकाली आम्ही इथे होऊ देणार नाही. चार्ल्स डिकन्स 1842 ला येऊन गेला, तोही खूष झाला. बोर्डिंग हाऊसमध्ये पियानो आहेत, मुली वाचनालयाच्या वर्गणीदार आहेत, स्वतःचं मासिक काढतात, असं त्याने लिहून ठेवलं.

बाहेरच्या पाहुण्याला जे दिसतं ते तेवढंच असतं. आपल्याकडे कुणी मागाचा कारखाना बघायला आला तर तोही कापड बघून जातो. एका कामगाराकडे किती माग आहेत, हे मात्र आमच्या गावातलं शेंबडं पोरही आधी विचारील. लोवेलचा अभ्यास करताना माझ्या या गावंढळ प्रश्नाचा फार उपयोग झाला. 1830 च्या दशकात विणणारीकडे साधारण दोन माग असत. 1840 च्या दशकात तीन झाले, चार झाले. मागाची गती वाढली, वारामागे दर उतरला, आणि मुकादमाला उत्पादनावर बक्षीस मिळू लागलं. मे 1846 मध्ये मॅसॅच्युसेट्स कॉर्पोरेशन या गिरणीत व्यवस्थापनाने चौथा माग अंगावर टाकायचं ठरवलं, तेव्हा विणणाऱ्या बायकांनी लेखी शपथ घेतली की तीन मागांवर मिळतो तोच दर मिळाल्याशिवाय चौथा माग घेणार नाही, आणि जी घेईल तिचं नाव छापलं जाईल. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. व्यवस्थापनाला माघार घ्यावी लागली. मुंबईचा 1928 चा मोठा गिरणीसंप ज्यांनी वाचलाय, दोनाऐवजी तीन साचे हा वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लोवेलला आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, आणि बूट मिल्सच्या इमारतीत विणकामाचं अख्खं दालन चालू अवस्थेत ठेवलं आहे. दारातच कानात घालायचे बोळे मिळतात. सोबतच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने घातले. मी न घालताच आत गेले आणि पहिल्यांदा त्या देशात घरी आल्यासारखं वाटलं. पण एक लक्षात ठेवा : ते माग विसाव्या शतकातले आहेत, 1840 चे नव्हेत. आणि सूत तुटू नये म्हणून तेव्हा खिडक्या बंद ठेवत, हवेत वाफ सोडत, संध्याकाळी तेलाचे दिवे लावत. म्हणजे आवाज संग्रहालयात ऐकायला मिळतो, पण धूर, दमटपणा आणि उडता कापूस कागदातूनच शोधावा लागतो.

अर्ज म्हणजे काय होतं

1834 च्या फेब्रुवारीत मजुरी कपातीविरुद्ध सुमारे 800 बायकांनी लोवेलमध्ये काम बंद केलं. काही दिवसांत संप मोडला. 1836 च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डिंगचे पैसे वाढवले म्हणून दुप्पट संख्येने बाहेर पडल्या. त्यात हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोरगी होती. मोठ्या बायका जावं की न जावं करत घुटमळत होत्या, तेव्हा हीच पुढे झाली आणि तिच्यामागे सगळी ओळ निघाली. तिची विधवा आई कंपनीचं बोर्डिंग हाऊस चालवायची, तिला काढून टाकलं. ही हकीकत हॅरिएटने स्वतः 1898 ला आठवणींत लिहिली, म्हणजे साठ वर्षांनी. आठवणी वाचताना हे अंतर डोळ्याआड होऊ देऊ नका.

संपाने भागेना तेव्हा बायका अर्जाकडे वळल्या. मत नव्हतं, निवडणूक लढवता येत नव्हती. लग्न झालेलीची तर मिळकतही नवऱ्याची. पण राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क दिलेला होता, आणि तो फक्त मतदारांना आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. या एका फटीतून त्या काळातली सगळी मतहीन माणसं राजकारणात शिरली. मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. चळवळींची उद्दिष्टं निरनिराळी होती, धर्म निरनिराळे, एकमेकींशी भांडणंही होती. पण हत्यार एकच होतं, आणि एका चळवळीत ते चालवायला शिकलेली माणसं दुसरीत तेच घेऊन जात होती.

लोवेलमध्ये सारा बॅग्ली आणि तिच्या मैत्रिणींनी 1844 च्या अखेरीस स्त्री-कामगार सुधारणा संघटना काढली आणि दिवसाला दहाच तास काम असावं यासाठी सह्या गोळा केल्या. 1845 च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी झाली. समितीचा अध्यक्ष विल्यम शाऊलर हा लोवेलचाच प्रतिनिधी, तिथल्या एका वर्तमानपत्राचा मालक. अर्जदारांत बहुतेक बायका आहेत, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन बाजू मांडावी, नाहीतर अर्ज बाजूला ठेवावा लागेल, असं त्याने कळवलं. बायका चारचौघांत बोलायला येणार नाहीत, असा त्याचा होरा असावा. त्या आल्या.

या समितीचा अहवाल छापलेला आहे आणि नव्या माणसाने पहिला वाचावा असा आहे. फार लांब नाही. एलायझा हेमिंग्वे नावाची विणकर सांगते की उन्हाळ्यात सकाळी 5 ला काम सुरू होतं ते संध्याकाळी 7 पर्यंत. न्याहारीला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास. मग ती दिव्यांचा आकडा सांगते : संध्याकाळी काम असलं की तिच्या दालनात 293 लहान आणि 61 मोठे दिवे लागतात. कधी कधी सकाळीही लागतात. त्याच दालनात सुमारे 130 बायका, 11 पुरुष आणि 12 मुलं काम करतात.

हा आकडा वाचून थांबा आणि अहवालाचा पुढचा भाग बघा. समिती लोवेलला जाऊन आली. तिला दालनं प्रशस्त आणि उजेडाची वाटली. खिडक्यांच्या कट्ट्यांवर जिरेनियम, गुलाब आणि निवडुंगाच्या कुंड्या होत्या, त्यांचं तिने कौतुकाने वर्णन केलं आहे. शेवटी निष्कर्ष असा की कामाचे तास कमी झाले तर बरंच होईल, पण कायदा करणं हे विधिमंडळाचं काम नाही. कामगार शहाणा आहे, तो आपला सौदा आपण करील. उपाय म्हणाल तर तो विज्ञानाच्या प्रगतीत आणि माणसाचा पैशाचा लोभ कमी होण्यात आहे.

एका बाजूला मोजलेले दिवे आणि दुसऱ्या बाजूला कुंड्या. माझ्या वर्गात यावर तीन तास चर्चा झाली आणि तरी संपली नाही. बोलणारी बाई आकडे देते आहे, सरकारी समिती फुलांचं वर्णन करते आहे. भावनेच्या आहारी कोण जातं याबद्दलचा त्या काळचा समज इथे उलटा पडलेला दिसतो. पुढची गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या निवडणुकीत शाऊलर पडला. त्याला पाडायचा चंग या मत नसलेल्या बायकांनी उघडपणे बांधला होता. सगळं श्रेय त्यांचंच असं म्हणण्याचा मोह मात्र टाळा. मत देणारे पुरुष होते, आणि त्यांची आपापली कारणं असू शकतात.

दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये बायका आणि मुलांसाठी झाला तो 1874 ला. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने 1847 लाच केला होता, पण त्यात कामगाराने वेगळा करार केला तर जास्त तास चालतील अशी मेख होती. मालकांनी लगोलग करार पुढे केले. कायद्याचं साल पाठ करताना त्यातली अशी मेख शोधायची सवय लावून घ्या.

कापूस कुठून यायचा

लोवेलच्या मागांवरचा कापूस दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. आणि तिथून निघणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचा एक भाग परत दक्षिणेत, गुलामांच्याच अंगावर घालायला जायचा. मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर यांनी 1848 ला या युतीला नाव दिलं : चाबकाचे मालक आणि मागाचे मालक. गिरणीतल्या मुलींना हे ठाऊक होतं. त्यांच्यातल्या काहींनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या केल्या. पण संपाच्या पत्रकांत त्याच स्वतःला स्वतंत्र माणसांच्या मुली म्हणवून घेत, आम्हाला गुलाम करू पाहताय का, असा सवालही करत. हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं. त्यात गुलामाबद्दल कणव असू शकते आणि आम्ही त्यातले नव्हेत ही घाईही.

फ्रेडरिक डग्लस 1838 ला गुलामगिरीतून पळून न्यू बेडफर्डला पोचला. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवायचं काम त्याला येत होतं. पण काळा माणूस कामावर घेतला तर गोरे कामगार एकजात निघून जातील असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याने मिळेल ती हमाली धरली. उत्तरेत गुलामगिरी नव्हती, पण कामाच्या दारात हे होतं. कामगार चळवळीवर लिहिताना ही गोष्ट तळटीपेत ढकलू नका.

गुलामगिरीविरोधी अर्जांचा पूर आला तो 1830 च्या दशकात. विल्यम लॉइड गॅरिसनने बॉस्टनमध्ये 1 जानेवारी 1831 ला 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र सुरू केलं होतं, 1833 ला फिलाडेल्फियात राष्ट्रीय संघटना झाली. अर्जाचे छापील नमुने घरोघर फिरू लागले, आणि फिरवणाऱ्या बहुतांश बायका. काँग्रेसला ही डोकेदुखी झाली. मे 1836 मध्ये प्रतिनिधीगृहाने ठराव केला की गुलामगिरीविषयीचा कुठलाही अर्ज न वाचता, न छापता बाजूला ठेवायचा. यालाच तोंडबंदीचा नियम म्हणतात. परिणाम उलटा झाला. गुलामगिरीशी देणंघेणं नसलेल्या लोकांनाही आपला अर्जाचा हक्क गेल्यासारखं वाटलं. 1837-38 मध्ये राजधानीतली गुलामगिरी बंद करा या एका मागणीसाठी एक लाख तीस हजारांवर अर्ज काँग्रेसकडे गेले.

जॉन क्विन्सी ॲडम्स हा माजी राष्ट्राध्यक्ष तेव्हा साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसायचा. फेब्रुवारी 1837 मध्ये तो उठला आणि त्याने अध्यक्षांना निरागसपणे विचारलं : माझ्याकडे गुलामांनी सही केलेला अर्ज आहे, तो या नियमात बसतो का? सभागृहात गदारोळ. याला बाहेर काढा, याचा निषेध करा. दिवसचे दिवस त्यात गेले. मग म्हातारा म्हणतो, अर्जात काय आहे ते तर विचारा. अर्ज गुलामगिरी रद्द करू नका असा होता. कुणीतरी त्याची फजिती करायला पाठवलेला, आणि त्याने तो त्यांच्याच गळ्यात बांधला. डिसेंबर 1844 ला तो नियम उठला. अमेरिकन संसदीय इतिहास कंटाळवाणा वाटत असेल तर इथून सुरुवात करा.

बायकांनी स्वतःसाठी

सह्या मागत दारोदार फिरणाऱ्या बाईला पहिला प्रश्न यायचा : तुझं इथे काय काम? दक्षिणेतल्या गुलाममालक घरातून आलेल्या सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणींना 1837 मध्ये पाद्र्यांनी जाहीर पत्र काढून झापलं. फेब्रुवारी 1838 मध्ये अँजेलिना हजारो बायकांच्या सह्या घेऊन मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे बोलली. म्हणजे सारा बॅग्लीच्या सात वर्षं आधी. तीन महिन्यांनी फिलाडेल्फियात ती बोलली त्या नव्याकोऱ्या सभागृहावर जमावाने दगडफेक केली आणि दुसऱ्याच रात्री ते जाळलं.

एर्नेस्टीन रोझ या पोलंडहून आलेल्या बाईने 1836 ला न्यूयॉर्कमध्ये विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्कासाठी अर्ज फिरवला तेव्हा पाच सह्या मिळाल्या होत्या. फक्त पाच. कायदा झाला 1848 ला. त्याच वर्षी 19 आणि 20 जुलैला न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला स्त्री-हक्कांची परिषद झाली. जाहीरनाम्यावर 68 बायका आणि 32 पुरुषांच्या सह्या, मताधिकाराचा ठराव मात्र एकमताने झाला नाही. तो मांडणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटनच्या बाजूने तिथे डग्लस उभा राहिला. पाठ्यपुस्तकं या परिषदेला आरंभ म्हणतात. मला ती मधली पायरी वाटते. जाहीरनाम्यातच लिहिलं आहे की आम्ही पत्रकं वाटू, विधिमंडळांकडे अर्ज करू. ही मंडळी दहा-बारा वर्षं तेच करत आली होती.

बाकीच्या चळवळी थोडक्यात

दारूबंदीकडे नाक मुरडू नका. 1830 च्या आसपास अमेरिकेत दरडोई दारूचा खप त्या देशाच्या इतिहासातला सर्वांत मोठा होता आणि पुढच्या पंधरा वर्षांत तो निम्म्याहून खाली आला. गिरणीमालकाला वेळेवर येणारा कामगार हवा होता, बाईला पगार घरी आणणारा नवरा. दोघं एकाच सभेत. 1838 ला मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की 15 गॅलनपेक्षा कमी दारू विकायची नाही. म्हणजे पिंपच्या पिंप घेणाऱ्याला मोकळीक, पेल्याने पिणाऱ्याला बंदी. डेडहॅमला एका बहाद्दराने डुकरावर पट्टे रंगवून तंबूत ठेवलं, बघायला तिकीट आणि तिकिटावर पेला फुकट. कायदा 1840 ला मागे घेतला.

शाळांचं असंच. फिलाडेल्फियाचा कामगार पक्ष 1828 पासून सार्वजनिक शाळा मागत होता, कारण मुलांना बरोबरीने उभं राहता यावं. होरेस मान 1837 ला मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव झाला आणि शिकलेला कामगार जास्त माल काढतो हे मालकांच्याच पत्रांवरून दाखवू लागला. शाळा एकच, हेतू दोन. डोरोथिया डिक्सने 1843 ला तुरुंगांत, तळघरांत, पिंजऱ्यांत कोंडलेल्या वेड्यांची गावनिहाय यादी विधिमंडळापुढे ठेवली. तोही एक अर्जच, फक्त एका बाईचा. आदर्श वसाहतींवर मी वेळ घालवत नाही. ज्यांना आवडतात त्यांनी घालवावा.

आणि आयरिशांना विसरू नका. लोवेलच्या हॅमिल्टन कंपनीत 1836 ला परदेशात जन्मलेले कामगार चार टक्क्यांहूनही कमी होते, 1860 ला साठ टक्क्यांच्या पुढे. बोर्डिंग हाऊस आणि मासिकाचं लोवेल त्यात विरून गेलं. सुधारणेच्या बहुतेक सभांत ही मंडळी दिसत नाहीत. ती सुधारायची माणसं मानली जात होती.

आपल्या हाताशी काय आहे

जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण ते लोक म्हणजे नेमके कोण, हे अर्ज वाचल्यावर डोळ्यांपुढे येतं. पंडिता रमाबाई 1886 ला तिकडे गेल्या, आणि 1889 ला त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत मोठं पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्या स्त्री-संघटना आणि शाळा या याच चळवळींची पुढची पिढी. परदेशी विद्यापीठात मराठी येणं ही अडचण नसून भांडवल आहे, ते असं. तिसरा दुवा कापसाचा : 1861 ला यादवी युद्धाने दक्षिणेचा कापूस अडकला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि 1865 ला शेअरबाजार कोसळला. एवढे तीन दुवे खरे आहेत. याहून ओढूनताणून तुलना करत बसलात तर चांगले प्राध्यापक लगेच ओळखतात.

कामाच्या गोष्टी. 'लिबरेटर', लोवेलच्या बायकांचं 'लोवेल ऑफरिंग' आणि कामगारांचं 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' ही नियतकालिकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मॅसॅच्युसेट्सकडे आलेले गुलामगिरीविरोधी अर्ज हार्वर्डने स्कॅन करून ठेवले आहेत. एक उघडून बघा. वर्तमानपत्रातून कापलेला छापील मजकूर वर डकवलेला असतो, खाली दोन रकाने. एकात कायदेशीर मतदार, दुसऱ्यात बायका. बऱ्याचदा दुसरा रकाना लांब असतो. कधी एकाच अक्षरात चार-पाच नावं येतात, बहुधा एकीनेच घरच्या सगळ्यांची लिहिलेली. मग नाव घेऊन 1850 च्या जनगणनेत शोधा. त्याआधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, त्यामुळे 1840 ची एखादी मुलगी सापडली नाही तर निराश होऊ नका. हॅमिल्टन कंपनीची पगारपत्रकं हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत.

जुनं हस्ताक्षर वाचायला वेळ लागतो. मोडी शिकलेल्यांना तो कमी लागतो, हे मी पाहिलं आहे. रोज एक पान उतरवून काढा, अर्थाकडे लक्ष न देता. अभिलेखागारात पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. आणि जाण्याआधी तिथल्या लोकांना ईमेल करा. कॅटलॉगात नसलेली पेटी त्यांना माहीत असते, आणि परदेशातून कुणी विचारलं की ते खरंच मनापासून मदत करतात.

विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात 'मला अमेरिकेच्या सामाजिक चळवळींत रस आहे' असं लिहू नका. अमुक गाव, अमुक वर्षं, अमुक कागद आणि त्यातून पडलेला एक प्रश्न एवढं लिहा. इंग्रजी साधी ठेवा. पैशांचं म्हणाल तर फुलब्राइट-नेहरू आहेच, शिवाय वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी थोड्या मुदतीच्या शिष्यवृत्त्या देतात. वुस्टरला 1876 पर्यंतचं छापील साहित्य प्रचंड आहे, तिथे बसायला मिळालं तर सोडू नका.

नोकरीबद्दल खरं सांगते. पीएच.डी.ला सहा-सात वर्षं जातात आणि कायमच्या प्राध्यापकीच्या जागा फार थोड्या निघतात. राष्ट्रीय उद्यानांतली नोकरी गोड दिसते, पण ती केंद्र सरकारची, त्यासाठी साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं. स्थानिक संस्था, ग्रंथालयं, अभिलेखागारं इथे वाव आहे, तिथे मात्र इतिहासाच्या पदवीबरोबर ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण विचारतात. माझ्याबरोबरच्या काहींनी ते आधीच केलं होतं, त्यांना काम लवकर मिळालं. घरच्यांना विचारून कर्ज काढणार असाल तर आधी तीन-चार जाहिराती काढून त्यातली पात्रतेची अट वाचा, मग कोर्स ठरवा.

भारतात राहूनच करायचं असेल तर एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी 1845 चा तो अहवाल पुरे आहे. तो आधी पूर्ण वाचून काढा. साक्ष देणाऱ्या बायकांच्या नावांची वही करा, प्रत्येकीपुढे गिरणी, कामाची वर्षं, मजुरी आणि तक्रार लिहा. मग समितीने त्यातलं काय उचललं आणि काय गाळलं ते लाल पेनने खूण करा. मार्गदर्शकांकडे जाताना ही वही न्या, विषयाचं शीर्षक नंतर ठरवता येतं.